सँडोचे डंबेल आणि औंधचे नमस्कार

मुंबईच्या उपनगरांत व्यायाम करणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन पंथ आढळतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भल्या पहाटे चालणारा किंवा धावणारा हा पहिला पंथ. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या जिममध्ये लोखंड उचलणारा हा दुसरा. पहिल्या पंथातील मंडळींचे वजन उतरते. पण पुष्कळदा त्याबरोबर दंड आणि मांड्याही उतरतात व पोट तेवढे जागेवर राहते. दुसऱ्या पंथातील मंडळींचे दंड शर्टाच्या बाहीत मावत नाहीत. पण स्थानकावरचा पूल चढताना त्यांना धाप लागते. या दोहोंचा मेळ घालू पाहणाऱ्यांना वेगळीच धास्ती असते. धावल्याने चरबी जाईल हे खरे, पण कष्टाने कमावलेले स्नायूही तिच्याबरोबर गेले तर काय, या विचाराने ते ट्रेडमिलसमोर घुटमळतात.

हा पेच आजचा वाटला, तरी तो तसा नाही. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी साताऱ्याकडील एका राजपुत्राने या दोन वाटांपैकी एकीवर सुमारे दहा वर्षे घालवली, मग ती सोडून दुसरी धरली आणि उरलेले सारे आयुष्य त्या दुसऱ्या वाटेचा प्रचार करण्यात वेचले. औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्यांचे नाव. चित्रकार, कीर्तनकार, संग्राहक आणि प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपविणारा राजा अशा अनेक नात्यांनी ते परिचित आहेत. मात्र ज्या गोष्टीमुळे त्यांचे नाव सातासमुद्रापार गेले, ती गोष्ट म्हणजे सूर्यनमस्कार.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. प्रतिनिधी हे छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले पद. परशुराम त्रिंबक यांच्यापासून ते या घराण्याकडे आले आणि पुढे त्यातूनच औंधचे छोटे संस्थान उभे राहिले. अवघ्या बहात्तर गावांचे हे राज्य. तेही सलग नव्हे, तर सातारा, सांगली, सोलापूर आणि विजापूरच्या मुलुखात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. बाळासाहेब हे थोरले पुत्र नव्हते. त्यामुळे गादीची वाट पाहत बसण्याऐवजी त्यांनी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून पदवी मिळवली. त्या काळच्या संस्थानिकांत पदवीधर विरळाच. चित्रकलेचा नाद त्यांना लहानपणापासून होता, आणि मानवी देहाच्या प्रमाणबद्धतेकडे पाहण्याची चित्रकाराची नजर त्यांनी पुढे स्वतःच्या देहाकडेही वळवली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात युजेन सँडो या नावाने धुमाकूळ घातला होता. प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे १८६७ साली जन्मलेल्या या मल्लाने आपले मूळ नाव टाकले आणि शरीर हीच एक कलाकृती मानून तिचे प्रदर्शन मांडले. त्यापूर्वीचे पहिलवान किती वजन उचलतात यावर ओळखले जात. सँडो कसा दिसतो हे पाहायला लोक तिकीट काढू लागले. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची भव्य स्पर्धा भरवली. त्याची पुस्तके, स्प्रिंग बसवलेले डंबेल आणि ताणण्याचे रबरी पट्टे टपालाने जगभर जात. १९०४-०५च्या सुमारास तो स्वतः हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा मुंबईतही त्याचे खेळ झाले. बिनबाह्यांच्या बनियनला आपण आजही सँडो म्हणतो, त्यात त्याच्याच नावाचा अवशेष आहे.

सँडोची ही लाट औंधपर्यंत पोचली होती. बाळासाहेबांनी त्याची पुस्तके मागवली, साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. तो काही हौशी राजपुत्राचा चार दिवसांचा खेळ नव्हता. म्हणूनच पुढे त्यांनी सँडोला सोडले, ते न करता टाकलेल्या व्यायामाबद्दलचे मत म्हणून सोडून देता येत नाही. ते अनुभवाअंती केलेले मूल्यमापन ठरते.

सँडोच्या पद्धतीचे सामर्थ्य कशात होते, हे आज नीट सांगता येते. स्नायूवर ताण आला की शरीर तो स्नायू राखते आणि वाढवते. ताण हळूहळू वाढवत नेला, तर वाढही चालू राहते. एकेका स्नायूकडे मन लावून त्याला थकवणे ही सँडोची शिकवण आजच्या जिममधील व्यायामाची जननीच आहे. परंतु तिची मर्यादाही उघड होती. उभ्या जागी हलके डंबेल घेऊन केलेल्या हालचालींत हृदय आणि फुप्फुसे यांना सलग मेहनत पडत नाही. शिवाय साधनांवाचून हा व्यायाम अडतो. प्रवासात, दौऱ्यावर किंवा गरीब रयतेच्या घरात तो करायचा कसा, हा प्रश्न राज्यकर्त्या घराण्यातील माणसाला पडणे साहजिक होते.

१९०८च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून बाळासाहेब सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थ रामदासांच्या परंपरेत आणि तालमींत ते चालत आले होते. अनेक घरांत ते व्रत म्हणून घातले जात. बाळासाहेबांनी केलेले काम वेगळे होते. त्यांनी या घरगुती व्रताला व्यायामपद्धतीचे रूप दिले. दहा अवस्थांचा निश्चित क्रम, प्रत्येक अवस्थेतील हातापायांची जागा, श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, बीजमंत्रांचा उच्चार, वयानुसार संख्या, हे सारे त्यांनी बांधून दिले. छायाचित्रांसह पुस्तक लिहिले. १९२८ साली त्याचा इंग्रजी अवतारही आला. प्रौढ, निरोगी माणसाने शेकड्यांनी नमस्कार घालावेत अशी त्यांची अपेक्षा असे आणि ते स्वतः तसे घालत.

या क्रमाकडे व्यायामशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर त्यांना काय गवसले होते ते ध्यानात येते. नमस्कारात एकदा देह दोन्ही तळहातांवर तोलला जातो आणि जमिनीकडे उतरवून पुन्हा उचलला जातो. म्हणजे शंभर नमस्कारांत छाती, खांदे आणि दंडांच्या मागील स्नायूंना शंभर वेळा देहाचा भार पेलावा लागतो. पाय मागे-पुढे जाताना मांड्या व नितंब कामाला लागतात. कमरेतून वाकणे आणि पाठ मागे ताणणे यांमुळे पोट व पाठीचे स्नायू सतत जागे राहतात. आणि हे सर्व न थांबता, लयीत चालू असल्याने नाडीची गती चढते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सहा निरोगी व्यक्तींची नमस्कार घालताना तपासणी झाली. नमस्कारांच्या फेऱ्या वाढत गेल्या तशी त्यांच्या हृदयाची गती वयानुसार अपेक्षित कमाल गतीच्या ऐंशी टक्के आणि त्याहूनही वर गेली. सहा जणांवरून मोठे सिद्धांत मांडता येत नाहीत. पण संथपणे आसन धरणे आणि झपाट्याने नमस्कार घालणे यांत किती अंतर आहे, ते यावरून स्पष्ट होते. आज ज्याला कार्डिओ म्हणतात तो आणि ज्याला बळाचा व्यायाम म्हणतात तो, असे दोन्ही सतरंजीएवढ्या जागेत एकत्र आले होते.

४ नोव्हेंबर १९०९ रोजी बाळासाहेब औंधच्या गादीवर बसले आणि त्यांच्या वैयक्तिक नेमाला राजाज्ञेचे बळ मिळाले. संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. मुलांबरोबर मुलींनाही त्यातून सूट नव्हती, आणि स्वतःच्या कुटुंबालाही राजाने वगळले नाही. राणीसाहेबांपासून राजपुत्रांपर्यंत सर्वांचा दिवस नमस्कारांनी सुरू होई. स्त्रियांनी घाम गाळून व्यायाम करणे ज्या काळात अशिष्ट समजले जाई, त्या काळात राजघराण्यातील स्त्रियांनी तो उघडपणे करणे हे लहान पाऊल नव्हते. बाळंतपणाआधी व नंतर स्त्रीने शरीर कसे सांभाळावे, याचाही विचार औंधच्या या प्रचारात होता.

सक्ती मात्र सर्वांना रुचणारी नव्हती. कोणत्याही रोगावर नमस्कार हेच औषध, असा सूर बाळासाहेबांच्या प्रचारात कित्येकदा लागे, आणि या नमस्कारवेडाची महाराष्ट्रात थट्टाही झाली. आचार्य अत्रे यांचे १९३३ साली रंगभूमीवर आलेले ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक त्याच वेडाची फिरकी घेणारे. नाट्यगृहे हशाने दणाणली. एखाद्या व्यायामावर विनोदी नाटक लिहिले जावे आणि ते लोकांनी डोक्यावर घ्यावे, यावरूनच तो व्यायाम घराघरांत किती पोचला होता याची कल्पना येते.

१९३६ साली बाळासाहेब लंडनला गेले. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाच्या पत्रकार लुईस मॉर्गन यांनी त्यांची भेट घेतली. त्या वयातील त्यांची चपळाई आणि ताजेपणा पाहून त्या प्रभावित झाल्या आणि त्यांनी वृत्तपत्रातून या व्यायामाची माहिती इंग्रज वाचकांना दिली. त्यातूनच १९३८ साली आरोग्याच्या दहा पायऱ्यांचा मार्ग सांगणारे बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक मॉर्गनबाईंच्या संपादनाखाली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सँडोचे पुस्तक लंडनहून औंधला आले होते. आता औंधचे पुस्तक लंडनच्या दुकानात मांडले गेले. परतफेडीचा असा योग दुर्मीळच.

त्याच काळात मुंबईच्या उपनगरातही एक वेगळा प्रवाह वाहत होता. १९१८ साली वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, दादाभाई नौरोजी यांच्या निवासस्थानी श्री योगेंद्र यांनी योग संस्था सुरू केली. पुढे ती सांताक्रूझला स्थिरावली. योगेंद्र तरुणपणी कुस्ती आणि कसरतीत रमलेले होते. तरीही सूर्यनमस्कार हा योगाचा भाग मानण्यास त्यांनी स्पष्ट विरोध केला. त्यांच्या लेखी ती कसरत होती. आजच्या योगवर्गात सूर्यनमस्कार सर्वप्रथम शिकवले जात असल्याने हा वाद अनेकांना चमत्कारिक वाटेल. पण एका अर्थी योगेंद्रांचा आक्षेप बाळासाहेबांच्याच पथ्यावर पडणारा होता. बाळासाहेबांनाही नमस्कार हा प्रामुख्याने व्यायाम म्हणूनच हवा होता, आणि वजन उतरवू पाहणाऱ्याला त्यातील कसरतच उपयोगाची आहे.

तिसरी वाट दक्षिणेत निघाली. बंगळुरूचे के. व्ही. अय्यर हे त्या पिढीतील नामांकित शरीरसौष्ठवपटू. त्यांच्या हर्क्युलिस व्यायामशाळेत लोखंडी बारही होता आणि सूर्यनमस्कारही. १९३७ साली त्यांनी नमस्कारांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. सँडो की नमस्कार, असा प्रश्न अय्यर यांनी स्वतःला घातलाच नाही. त्यांनी दोहोंना आपापले काम वाटून दिले: बारने स्नायू घडवायचे, नमस्काराने देह लवचिक, हलका आणि दमदार ठेवायचा.

आजचे ज्ञान बाळासाहेबांच्या दाव्यांना कितपत दुजोरा देते? येथे भक्तिभाव बाजूला ठेवून हिशेब केला पाहिजे. चरबी उतरते ती खाल्लेल्या उष्मांकांपेक्षा खर्चलेले उष्मांक अधिक झाल्याने. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. त्यामुळे आठवड्यात पाच किलोचे आश्वासन देणाऱ्या जाहिराती पाण्याचे वजन मोजत असतात. मात्र ही तूट पडली की शरीर केवळ चरबीच जाळेल अशी खात्री नसते. ज्या स्नायूला काम नाही, तो त्याला ओझे वाटतो. म्हणून उपाशी राहून नुसते धावणाऱ्याचे दंड व मांड्या उतरतात. स्नायू राखायचा असेल तर त्याला भार देत राहणे, अन्नातून पुरेशी प्रथिने घेणे आणि तूट बेताची ठेवणे, ही त्रिसूत्री पाळावी लागते. आठवड्याला देहाच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, एवढीच घट सोसणारी आहे.

देहाचा भार पेलायला लावणारा म्हणून नमस्कार या कसोटीवर नुसत्या धावण्यापेक्षा उजवा ठरतो. पण तो परिपूर्ण नाही. त्यात ढकलण्याची क्रिया आहे, ओढण्याची नाही. त्यामुळे पाठीचा वरचा भाग आणि दंडाचा पुढचा स्नायू उपेक्षित राहतात. पायांना स्वतःच्या देहापलीकडे भार मिळत नाही. दुसरे असे की, शरीर सरावले की पन्नासाचे शंभर करता येतात, पण त्यामुळे दम वाढतो. बळ त्या मानाने वाढत नाही. नमस्कार एकटाच सर्वकाही देतो हा बाळासाहेबांचा आग्रह येथे तोकडा पडतो, आणि अय्यर यांचा मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो.

आता धास्तीचा प्रश्न. धावणे किंवा दमछाकीचा व्यायाम स्नायू खातो काय? १९८० साली अमेरिकन संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. बळाचा आणि दमाचा असे दोन्ही व्यायाम एकत्र करणाऱ्यांच्या पायांचे बळ सुरुवातीला इतरांप्रमाणेच वाढले, पण शेवटच्या आठवड्यांत ते थबकले आणि किंचित घटले. जिममधील भीतीचे मूळ बरेचसे येथे आहे. परंतु त्या प्रयोगात आठवड्यातून पाच दिवस जड वजने आणि सहा दिवस अत्यंत जोरकस सायकल व धाव, असा मारा होता. कार्यालय आणि लोकल सांभाळून व्यायाम करणाऱ्याला तो लागू करणे म्हणजे डबक्यात बुडण्याची धास्ती घेण्यासारखे आहे. पुढील संशोधनाचा कल असा की, बेताच्या प्रमाणात दोन्ही व्यायाम केल्याने स्नायूंच्या आकारावर फारसा विपरीत परिणाम होत नाही. एकाच वेळी दोन्ही करायचे झाल्यास आधी वजने, मग दमाचा व्यायाम; आणि शक्य असल्यास दोहोंचे दिवस वेगळे ठेवणे, एवढे पथ्य पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी घालून दिलेले प्रमाणही हेच सांगते: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. उपनगरातील घरात हे बसवणे अवघड नाही. आठवड्यातून तीन दिवस पंधरा-वीस मिनिटे लयीत नमस्कार. दोन किंवा तीन दिवस वजने, त्यात बार ओढण्याचा व लटकण्याचा एक प्रकार आणि बैठकांचा एक प्रकार अवश्य. आणि स्थानकापर्यंत रिक्षाऐवजी पायी जाणे. प्रथिनांकडे मात्र शाकाहारी घरांनी डोळसपणे पाहायला हवे. चरबी उतरवताना स्नायू राखू पाहणाऱ्याला देहाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. वाटीभर वरणात ती जेमतेम सहा-सात ग्रॅम असतात. मोड आलेली कडधान्ये, दही, पनीर, सोयाबीन, आणि चालत असल्यास अंडी व मासे यांचा हिशेब ताटातच करावा लागतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच रक्तदाब, हृदयरोग, मनगट वा मणक्याचे दुखणे असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून यातील काहीही सुरू करू नये.

बाळासाहेबांचे उर्वरित चरित्र पाहिले, की त्यांच्या व्यायामाकडे पाहण्याची दृष्टीही पालटते. गादीवर आल्यावर लगेचच त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना कुंडलजवळ जागा दिली आणि १९१० साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी भरघोस साहाय्य केले आणि तिच्यासाठी चित्रेही काढली. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधच्या डोंगरावर त्यांनी आपला कलासंग्रह सर्वांसाठी खुला केला. वयाच्या सत्तरीत, १९३८-३९ साली, महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन व पुत्र अप्पासाहेब पंत यांच्या साहाय्याने त्यांनी राज्याची सत्ता ग्रामपंचायतींच्या हाती दिली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांसाठी भिंती नसलेला तुरुंग याच राज्यात निघाला. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे त्याचीच प्रेरणा होती. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी बाळासाहेबांचे निधन झाले.

ज्या राजाने अखेरीस प्रजेला सत्ता दिली, त्यानेच शाळकरी मुलांना नमस्कारांची सक्ती करावी, हा विरोधाभास खरा. काळाने त्याचा निवाडा केला आहे. सक्ती संस्थानाबरोबर गेली, नमस्कार राहिला. रथसप्तमीला तो शाळांच्या मैदानांवर घातला जातो, आणि ज्या देशांत औंधचे नावही कोणी ऐकलेले नाही तेथे तो रोजचा झाला आहे. त्याच्या टिकण्याचे कारण त्याच्या स्वस्ताईत आहे. त्याला वर्गणी नाही, साधन नाही, आणि पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचलेल्या दिवशीही तो चुकवण्यास सबब मिळत नाही. सँडोची साधने दहा वर्षांनी बाजूला पडली. नमस्कार मात्र पुढे चार दशके, म्हातारपण येईपर्यंत चालू राहिला. चरबी उतरवण्याचे आणि स्नायू राखण्याचे गणित दोन-तीन महिन्यांत सुटत नाही. ते वर्षानुवर्षे सोडवावे लागते, आणि त्यासाठी उद्या सकाळीही करता येईल असाच व्यायाम निवडावा लागतो.